मांडवापुढचा बंब

आमच्या नगरपालिकेच्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी मावत असे. एक नळी लावली तर ते पंधरा मिनिटे पुरते. दोन लावल्या तर आठसुद्धा नाही. हा हिशेब मी आजवर इतक्या जणांना ऐकवला आहे की घरी पाहुणा आला आणि बोलण्यात आगीचे नाव निघाले, की बायको चहा ठेवायला उठते. आता अर्धा तास गेला हे तिला ठाऊक असते. जाऊ दे. ज्या हिशेबापायी माणसाची जागा गेली, तो त्याला बोलून दाखवता आलाच पाहिजे.

मी मूळचा अड्याळजवळच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती, भाऊ तिघे, आणि शेताच्या बांध्या एका घराला जेमतेम पुरतील एवढ्याच. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागातल्या एका नगरपालिकेने पहिला बंब आणला आणि फायरमनची भरती निघाली. मला ती कळली आठवडी बाजारात. वडिलांना सांगितले तेव्हा ते बैलांपुढे तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकत होते. मागे न बघता म्हणाले, "आग तं कोणीबी विझवते. त्याचा का पगार भेटते?" पगार मिळतो हे मी पहिल्याच महिन्यात दाखवून दिले, पण त्यांना ते पटले नाही. शेवटपर्यंत ते लोकांना, मुलगा पाण्याच्या गाडीवर आहे, असेच सांगत.

ते फारसे चुकत नव्हते. आमच्याकडे लग्ने उन्हाळ्यात होतात, कारण धान निघालेले असते आणि माणसे मोकळी असतात. त्याच महिन्यांत विहिरी तळाला जातात, गवती छपरे उन्हाने कडकडीत होतात आणि गोदामांत तेंदूपत्त्याची पोती छतापर्यंत रचली जातात. म्हणजे बंबाची खरी गरज ज्या दिवसांत, त्याच दिवसांत तो लग्नांत पाणी वाटत फिरायचा. नगरपालिकेत कोणाची ओळख असली की चिठ्ठी यायची, आणि आम्ही टाकी भरून मांडवात जायचो. बंबाच्या नाकाला आंब्याची डहाळी बांधायची, पोरे घंटा वाजवायची, बायका गंज, गुंड अशी भांडी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. ज्याच्या मांडवापुढे बंब, त्याचे लग्न मोठे, असा हिशेब गावाने लावून ठेवला होता. आम्हाला पंगतीत मानाचे ताट आणि निघताना नारळ-दुपट्टा. माझ्या पेटीत इतके दुपट्टे जमले की बायकोने त्यांची गोधडी शिवली. ती अजून घरात आहे.

नोकरीच्या पहिल्या काही उन्हाळ्यांपैकी एकात आम्ही असेच एका मांडवात असताना सायकलवर एक माणूस आला. दोन कोसांवरच्या खेड्यात घरांची ओळ पेटली होती. आम्ही नळी गुंडाळली आणि निघालो. वाटेत वळणावर टाकीत पाणी इकडून तिकडे आदळत होते, आणि मला तेव्हाच कळले की आत फार काही उरलेले नाही. पोचलो, नळी लावली, धार सुरू झाली आणि बघता बघता गळून पडली. मग आमच्यातल्या एकाने लोकांना विचारले की विहीर कुठे आहे. एक म्हातारी तिथे उभी होती. तिच्या गोठ्यातल्या बैलांची दावी कापायला उशीर झाला होता. ती ओरडली नाही. आमच्याकडे बघत म्हणाली, "एवढा लाल डबा घेऊन आले, अन् पाणी आमालेच मांगून राहिले का जी?"

माणूस कोणी दगावले नाही, म्हणून त्या गोष्टीची पुढे चौकशीही झाली नाही. ड्रायव्हर आमच्यात सगळ्यात जुना. परतताना तो म्हणाला की लग्नात पाणी देणे पुण्याचे काम आहे, योग खराब होता. पण पुढे माझ्या हातात सूत्रे आली तर पहिले काय करायचे, हे त्या परतीच्या रस्त्यावर ठरले.

सूत्रे यायला बरीच वर्षे लागली. नागपूरला प्रशिक्षण झाले, परीक्षा झाली, मी लीडिंग फायरमन झालो आणि ठाण्याचा कारभार माझ्याकडे आला. लग्नाच्या चिठ्ठ्या मी परत पाठवू लागलो. पहिला फटका बसला तो घरचाच. धाकट्या मेहुणीचे लग्न ठरले आणि सासरे स्वतः आले. बंब येणार हे त्यांनी व्याह्यांना सांगूनही टाकले होते. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "जावई बंबवाला, अन् लग्नात पाणी बंडीनं आणाचं?" मी म्हणालो, बैलबंडी मी हाकतो. आणि हाकली. तळ्यावरून मांडवापर्यंत ड्रम भरून खेपा घातल्या, वऱ्हाड्यांचे टोमणे ऐकले. बायको पुष्कळ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "तुमचं बरोबर असन. पण बरोबर माणसासंग जेवाले बसता येत नाई." तरी मी त्या बाबतीत माझे मत बदलले नाही. मेहुण्याच्या घरालासुद्धा आग लागली की भरलेलीच टाकी हवी असते.

ऐंशीनंतर ठाण्याला सहा नवी माणसे मंजूर झाली. निवड करून शिकवून तयार करायचे काम माझ्याकडे आले. उंची, छाती आणि शिक्षण यांच्या अटी सरकारी होत्या. त्या मोजून घेतल्या, त्यात बोटभरही सूट दिली नाही. पण एवढ्यावर फायरमन ठरत नाही. खांद्यावर होज, म्हणजे नळीचे वेटोळे, घेऊन पालिकेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, शिडी चढवली, आणि शेवटी मागच्या रिकाम्या कोठारात ओल्या तणसाचा धूर केला. त्यात मूठभर भिवापुरी मिरच्या टाकल्या. आत कोपऱ्यात धानाचा कोंडा भरलेले एक पोते ठेवले होते. ते बाहेर आणायचे. दारात मी स्वतः उभा, की कोणी आत अडकला तर ओढून काढता यावा.

चिठ्ठ्या आणलेले बरेच जण होते. त्यांतला एक, कोणाचा तरी भाचा, आत गेला तसाच बाहेर आला, डोळे पुसत म्हणाला, "मामाजी तं म्हणत होते, बसाची नोकरी हाये." मी त्याला पाणी दिले आणि घरी पाठवले. बहुतेक पोरे ताठ उभी आत शिरत, आणि धूर वरच असतो, त्यामुळे खोकत परत येत. चिखल्याहून आलेला एक सडसडीत पोरगा मात्र दारातच खाली बसला, पोटावर आडवा झाला आणि डावा हात भिंतीला लावून आत सरकला. थोड्या वेळाने आधी पोते बाहेर आले आणि त्याच्यामागून तो. मी विचारले, हे कुठे शिकला?

"बाबा खाणीत हाये जी. ते सांगते, काही दिसत नसन तं भीत सोडाची नाई."

त्याची निवड झाली. इतर पाचही चांगले होते. एक साकोलीचा, दोघे धानाच्या गावांतले, दोघे गावातलेच. पण मला सांगायची आहे ती या चिखल्याच्या पोराची गोष्ट. त्याचे वडील मँगनीजच्या खाणीत खाली उतरणारे कामगार. निवृत्तीला थोडाच अवधी राहिला होता, आणि कंपनीच्या कॉलनीतली खोली नोकरीबरोबरच जाणार होती. पाठीमागे दोन बहिणी. पोराला पहिले वर्ष तात्पुरती नेमणूक, ती कायम झाली की पालिकेची खोली मिळायची सोय होती. म्हणजे त्या एका वर्षावर त्यांच्या घराचे छप्पर टिकून होते. हे त्याने मला कधी रडून सांगितले नाही. एकदा होज वाळत घालताना सहज बोलून गेला.

शिकवणे म्हणजे काय, तर तेच ते रोज करणे. सकाळी कवायत. मग होज उलगडणे आणि गुंडाळणे. दोराच्या गाठी, त्याही डोळे झाकून. एकाने दुसऱ्याला खांद्यावर घेऊन शिडी उतरणे. आणि रोज टाकी तपासणे. टाकीवर बोटांची पेरे वाजवायची, वरपासून खालपर्यंत. पाणी असेल तिथे आवाज बद्द येतो, नसेल तिथे ठणठणतो. वर अगदी कडेलाही बद्द आला पाहिजे. आगीवरून आले की पायांतले बूट काढायच्या आधी टाकी भरायची, मग चहा. अर्धी टाकी रिकामीपेक्षा वाईट, हेही मी त्यांना पटवून दिले होते: आतले पाणी डचमळते, वळणावर एका अंगाला धावते आणि गाडी कलंडवते. भरलेली टाकी जड असते, पण गप्प असते.

कवायतीच्या शेवटी मी रोज विचारायचो, "पाणी कोणाचं?" आणि सहाही जण एका आवाजात म्हणायचे, "आगीचं." गावातली शाळेची पोरे कुंपणावर बसून हे ऐकायची आणि मी रस्त्याने निघालो की मागून ओरडायची. मला टाकी मास्तर हे नाव तेव्हाच पडले. ड्रायव्हरला हे सारे नाटक वाटे. त्याची लग्ने बंद झाली होती, आणि ती सल त्याने लपवली नाही. "मास्तर, टाकी भरून ठेवता ते ठीक हाये. या पोट्ट्याइची डोस्की कायले भरून राहिले?" असे तो पोरांसमोरच म्हणे. पोरे हसत. मीही हसायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचो.

वर्ष संपायला थोडे दिवस राहिले असताना मे महिन्यात मला एका बैठकीसाठी भंडाऱ्याला जावे लागले. पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. पण ड्रायव्हरकडून ऐकले, पोरांकडून ऐकले आणि त्या लग्नाला गेलेल्या निम्म्या गावाकडूनही ऐकले. तिघांचे जिथे जुळले तेवढेच लिहितो.

पाणीपुरवठा समितीच्या सभापतींच्या मुलीचे लग्न होते. माझ्याकडे चिठ्ठी पाठवून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून मी गावात नसल्याचे पाहून दुपारी त्यांचा माणूस ठाण्यावर आला. ड्रायव्हरने किल्ली घेतली. पाळीवर चिखल्याचा पोरगा होता. तो म्हणाला, मास्तर नाहीत, आणि पाणी लग्नाला द्यायचे नाही. ड्रायव्हर म्हणाला की सभापतीचा हुकूम आहे आणि गाडी मी चालवतो, तू नाही. ते खरे होते. बंबावर ड्रायव्हरबरोबर फायरमन जायलाच हवा, असा ठाण्याचा नियम. म्हणून तोही चढला. पण चढण्याआधी तो मागे गेला, पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची लोखंडी मूठ काढली आणि खिशात घातली. ड्रायव्हरच्या ते लक्षात आले नाही.

बंब मांडवापुढे उभा राहिला. कोणीतरी त्याला आंब्याची डहाळी बांधली. पोरांनी घंटा वाजवली, बायका भांडी घेऊन रांगेला लागल्या. ड्रायव्हर मागे गेला, व्हॉल्व्हवर हात ठेवला, आणि हाताला काहीच लागले नाही.

"मूठ कुठं हाये रे?"

"माह्यापाशी हाये जी."

"दे इकडं."

"नाई जी. गाडी तुमी आणली, तुमची गाडी. पाणी आगीचं हाये."

ड्रायव्हरला आधी गंमत वाटली. मग त्याने समजावले, मग शिव्या दिल्या. सभापतींचे भाऊ आले. त्यांनी विचारले की हा कोणाचा पोरगा. कोणीतरी चिखल्याचा म्हणताच ते म्हणाले, "काहून रे, खाणीतून माती काढून काढून डोक्यात भरली का?" लोक हसले. पोरगा टाकीच्या शिडीवर बसून राहिला. दोघांनी त्याला ओढून खाली उतरवले, पण मांडवात, पाहुण्यांच्या देखत, खिशात हात घालून हिसकावून घ्यायचे कोणाच्या मनात आले नाही. शेवटी तळ्यावर बंड्या पाठवल्या. पंगत बसायला फार उशीर झाला. साकोलीकडून आलेले वऱ्हाड उन्हाने तहानलेले होते, आणि साडेचार हजार लिटर पाणी त्यांच्यापुढे उभे होते. जाताना पोराने दुपट्टा घेतला नाही. जेवलाही नाही. जेवायला त्याला कोणी बोलावलेही नव्हते, हे त्याने मला नंतर स्वतःहून सांगितले, म्हणजे नसते श्रेय आपल्या नावावर नको.

मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले, असे मला पुष्कळांनी ऐकवले. आले असेल. मला त्याचे वाईट वाटले नाही असे नाही. पण त्या बाईला पाण्यासाठी कोणी अडवले नव्हते. तळे होते, बंड्या होत्या, माणसे होती. सकाळीच ड्रम भरून ठेवता आले असते. ते केले नाही, कारण दारात बंब दिसायला हवा होता. एका दिवसाच्या मोठेपणासाठी गावाची टाकी रिकामी करायची, ही रीत कोणाच्या डोळ्यांतल्या पाण्याने बरोबर ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत आम्हा सगळ्यांना बोलावले. मुख्याधिकारी सज्जन माणूस, नवा होता आणि बदलीला भीत होता. सभापती खुर्चीत, ड्रायव्हर भिंतीशी, पोरगा दाराजवळ. सभापतींनी साधी मागणी ठेवली: तात्पुरता माणूस आहे, वरिष्ठांचा हुकूम मोडला, आजच्या आज घरी पाठवा. मुख्याधिकाऱ्यांनी पोराला विचारले की तू असे का केलेस. त्याने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. जसे कवायतीत म्हणतो तसेच म्हणाला, "पाणी आगीचं हाये जी."

सभापती त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे वळले. त्यांचे बोलणे अगदीच पोकळ नव्हते. विहिरी आटल्या आहेत, ते म्हणाले, लोकांच्या करावर बंब आला, मग लोकांच्या गरजेला त्याचे पाणी का नको? मग त्यांनी मला जे विचारले ते मी विसरलो नाही.

"काल आग लागली का कुठं?"

"नाई जी."

"गावात?"

"नाई."

"तालुक्यात?"

"नाई लागली."

"मंग? भरली टाकी घेऊन दिवसभर बसले तुमी. का मिळालं?"

मला त्या क्षणी एखादी आग हवी होती, हे मी कबूल करतो. एखादे गोदाम, एखादी तणसाची गंजी, काहीही, म्हणजे दाखवता आले असते. पण आग लागली नव्हती, आणि खोटे मी बोलत नाही. मी म्हणालो, "आग लागली नाई म्हणून भरलेली टाकी वाया गेली, असं असन तं सायेब, बंब विकून टाका अन् पाण्याचा ट्रक घ्या. मी ट्रकवर नोकरी करीन. पण त्याले बंब म्हणू नका, अन् लोकाइले सांगू नका की गावात बंब हाये."

मग मुख्याधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन तोडगा सुचवला. मी एवढेच सांगायचे, की असा काही नियम मी पोरांना शिकवला नव्हता. पोराने आपल्या मनाने केले. पोरगा जाईल, ठाणे माझ्याकडे राहील, प्रकरण मिटेल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना एक माणूस सभापतींना द्यायचा होता, आणि तात्पुरता माणूस देणे सोपे होते.

मी परत आत जाऊन सगळ्यांदेखत सांगितले की नियम माझा आहे. ठाण्याचा हुकूम मी दिला, पोराने पाळला. हुकूम मोडला असेल तर सभापतींचा मी मोडला आहे, त्याने माझा पाळला आहे. कवायतीत रोज हे सहा जण काय ओरडतात ते रस्त्यावरच्या शाळकरी पोरांना विचारा. ड्रायव्हरकडे बोट करून म्हणालो, यांना विचारा. ड्रायव्हर माझा मित्र नव्हता. तरी तो म्हणाला, "शिकवलं हाये जी त्याईनं. रोज शिकवते. डोस्कं उठते आमचं."

यात मोठेपणा काही नव्हता, साधा हिशेब होता. मी कायम नोकरीत होतो, मला काढणे त्यांना सोपे नव्हते. फार तर हलवू शकत होते. पोराला एका ओळीत काढता आले असते. दोघांपैकी ज्याचे कमी तुटते त्याने पुढे व्हायचे. आणि दुसरे असे, की मी मागे सरलो असतो तर उरलेल्या पाच जणांना उद्यापासून काय शिकवणार होतो?

मला हलवले. गावाबाहेरच्या जकात नाक्यावर, तात्पुरते म्हणून. ते तात्पुरते पुष्कळ टिकले. पोरगा कायम झाला, त्याला पालिकेची खोली मिळाली, आणि वडिलांचा निरोपसमारंभ झाला त्याच आठवड्यात ते सारे कुटुंब चिखल्याहून सामान घेऊन आले. सामानाचा ट्रक माझ्याच नाक्यावरून गेला. घरगुती सामानाला जकात नसते. तरी मी नियमाप्रमाणे उतरून पाहिले. त्याचे वडील पुढे बसले होते. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढून माझ्यापुढे धरली. मी तंबाखू खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

नाक्यावर बायको खूश होती. कामाचे तास ठरलेले, घंटा वाजली म्हणून ताटावरून उठणे नाही. मी खूश नव्हतो. ट्रकवाल्यांच्या पोत्यांवर सळई खुपसत दिवस काढायचे, आणि दूरवर बंबाची घंटा ऐकू आली की कान टवकारायचे. गावातल्या लोकांनी माझे काय केले माहीत आहे? काहीच नाही. कोणी हळहळले नाही, कोणी शाबासकी दिली नाही. सासरे म्हणाले, "आता तं बंब नाई, आता या लग्नाले." त्यावर मी हसलो, पण मी हरलो असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आताही वाटत नाही.

पुढचा उन्हाळा आला. एका दुपारी गावाकडून बंब येताना दिसला, घंटा न वाजवता, आणि त्याच्या नाकाला आंब्याची डहाळी बांधलेली होती. म्हणजे पुन्हा सुरू झाले. ज्याच्यापायी मी इथे उभा आहे ते सगळे एका वर्षात धुऊन निघाले. बंबाला जकात नाही आणि त्याला अडवायचेही नसते. तरी मी फाटक उचलले नाही.

ड्रायव्हर तोच. त्याने हॉर्न दिला. मी जागचा हललो नाही. दुसऱ्या बाजूने चिखल्याचा पोरगा उतरला. आता अंगाने भरला होता.

"लग्नाले जाऊन राहिले का?" मी विचारले.

"हो जी."

मी बंबाच्या बाजूला गेलो आणि टाकीवर पेरे वाजवली. खाली बद्द. मध्ये बद्द. पायरीवर चढून अगदी वरच्या कडेला वाजवले. बद्द. पलीकडच्या अंगाला जाऊन तेच केले. ड्रायव्हर खिडकीतून डोके काढून म्हणाला, "मास्तर, नाका सोडाले का घ्याल तुमी? पंगत बसली असन."

पोराने खिशात हात घालून मूठ बाहेर काढली. वापरून वापरून तिची कड चकाकत होती. त्याने सांगितले ते असे: पूर्ण बंद करणे त्यांना जमले नाही, चिठ्ठ्या वरून येतात. पण लोकांना कळून चुकले आहे की पाणी मिळत नाही. ते आता सकाळीच तळ्यावर बंड्या पाठवतात. बंब नुसता उभा करतात, पोरे घंटा वाजवतात, मालक खूश. कुठून बोलावणे आले तर मांडवातूनच निघायचे, टाकी भरलेली असतेच. यंदा एकदा तसे निघालेही होते, नवरदेव घोड्यावर असताना. गंजी वाचली.

"अन् हे?" मी डहाळीकडे बोट दाखवले.

"राहू द्या जी. एवढं तं द्या त्याइले."

मला ते पटले नाही. आजही पटत नाही. बंब हा मांडवाचा शृंगार नव्हे, आणि मांडवापुढून आगीवर जायला जी चार मिनिटे जास्त लागतात त्यांचा हिशेब कोण देणार? मी तसे त्याला सांगितले आणि डहाळी स्वतःच्या हाताने उपटून नाक्यामागच्या शेळीपुढे टाकली. पोरगा हसला. ड्रायव्हर म्हणाला की पुढच्या वळणावर दुसरे आंब्याचे झाड आहे.

मी फाटक उचलले. नाक्याच्या पुढे रस्ता खचून मोठा खड्डा पडला होता. प्रत्येक ट्रक तिथे आपटायचा, आणि पाण्याचे टँकर तर असे डचमळत की मागच्या झाकणातून पाणी सांडून रस्ता ओला होई. बंब सावकाश त्या खड्ड्यात उतरला, चाकांवर दबला आणि वर आला. मी कान देऊन उभा होतो. आतून काही आवाज आला नाही. खड्डा कोरडाच राहिला.